चैत्यगृह आणि हिंदू मंदिर

चैत्यगृह हे स्तूपाच्या वंदनेसाठी व प्रदक्षिणेसाठी बांधलेले किंवा कातळात कोरलेले बौद्ध उपासनागृह होय. हिंदू मंदिर (देवालय, प्रासाद, देऊळ) ही प्रतिष्ठापना झालेल्या देवतेचे निवासस्थान मानली जाणारी वास्तू होय. चैत्यगृहात पूज्य वस्तू आणि उपासकांचा समूह एकाच दालनात असतात. मंदिरात मूर्ती लहान, बंदिस्त गर्भगृहात असते आणि उपासक बहुधा त्याच्या बाहेर उभा राहतो. नकाशा, छप्पर, प्रकाश, पुजाऱ्याचे स्थान आणि प्रवेशाचा अधिकार यांतील बहुतेक भेद या एका फरकातून निघतात. मात्र दोन्ही वास्तुप्रकार एकाच सुतारकामाच्या परंपरेतून वाढले आणि इ.स. पाचव्या शतकात बुद्धमूर्तीची पूजा सर्वत्र रूढ होत गेली, तसे ते एकमेकांच्या बरेच जवळ आले. सह्याद्रीतील लेण्यांमुळे या इतिहासाचे बहुतेक टप्पे महाराष्ट्रातच पाहता येतात.

संज्ञा

'चैत्य' हा शब्द 'चि' (रचणे, ढीग करणे) या धातूशी व 'चिता' या शब्दाशी संबंधित आहे. दहनस्थानी उभारलेला ढिगारा, स्मारक, पूज्य वृक्ष किंवा पूज्य स्थान असे त्याचे जुने अर्थ असून ते केवळ बौद्धांपुरते मर्यादित नव्हते. ज्या दालनात असा चैत्य, म्हणजे स्तूप, असतो ते चैत्यगृह. बौद्ध परंपरा चैत्यांचे तीन प्रकार मानते: शरीरधातूंवर उभारलेले शारीरिक, बुद्धाने वापरलेल्या वस्तूंशी निगडित पारिभोगिक आणि केवळ स्मरणार्थ केलेले उद्देशिक.

'विहार' म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. मध्ये चौक किंवा दालन आणि तीन बाजूंना खोल्या अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. आजच्या मराठीत मात्र 'बुद्धविहार' हा शब्द उपासनेच्या सभागृहासाठी वापरतात. जुन्या लेण्यांविषयी वाचताना हा अर्थबदल ध्यानात न ठेवल्यास घोटाळा होतो. चैत्यगृहाला 'प्रार्थनागृह' म्हणण्याची पद्धतही काहीशी सैल आहे. बौद्ध वंदनेत बुद्धाचे गुणस्मरण, शरणगमन व शीलांचा स्वीकार असतो. थेरवादी विचारानुसार परिनिर्वाण पावलेल्या बुद्धाकडे काही मागण्याचा हेतू त्यात नसतो.

चैत्यगृहाची रचना

कातळातील चैत्यगृहाचा नकाशा बहुधा चापाकार असतो. पुढचा भाग आयताकृती आणि मागचा अर्धवर्तुळाकार असल्याने त्याला गजपृष्ठाकार असेही म्हणतात. खांबांच्या दोन रांगा दालनाचे तीन भाग करतात. मध्ये रुंद दालन आणि दोन्ही बाजूंना अरुंद पाखी असतात. या पाखी मागच्या बाजूने स्तूपाला वळसा घालून एकमेकींना मिळतात, त्यामुळे खांबांची रांगच प्रदक्षिणामार्ग आखून देते. स्तूप दालनाच्या शेवटी, अर्धवर्तुळाच्या मध्यभागी असतो. मेधी, तिच्यावरील अंड, अंडावरील चौकोनी हर्मिका आणि तिच्यातून वर जाणारी यष्टी व छत्र हे त्याचे भाग होत.

भाजे येथील चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्यातील २७ अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा बाहेर पडणारा दाब पेलण्यासाठी खांब असे कलते रोवणे आवश्यक असे. अखंड कातळात त्याची काहीच गरज नव्हती. तरीही कोरणाऱ्यांनी तो कल जपला. इतकेच नव्हे, तर दगडी कमानीखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या आणि त्यांतील काही आजही जागेवर आहेत. त्या कशाचाही भार उचलत नाहीत. उपासनागृह म्हणजे लाकडी कमानींचे दालन, ही कल्पना लोकांच्या मनात इतकी पक्की होती की दगडातही ती टाळता आली नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

कार्ले येथील चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद व जवळपास तितकेच उंच असून भारतातील कातळात कोरलेल्या चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे आहे. त्याचे काम इ.स. पहिल्या शतकातील मानतात. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. स्तूपामागचे ७ खांब मात्र अगदी साधे, अष्टकोनी आहेत. स्तूपावरील लाकडी छत्र आजही टिकून आहे. खांबांवरील व भिंतींवरील ब्राह्मी लेखांत दात्यांची नोंद आढळते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट येथील यवन, गंधाचा व्यापारी, सुतार, भिक्षू अशा निरनिराळ्या लोकांनी एकेक भाग करवून दिला. नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी गाव दिल्याचा लेखही येथे आहे. राजाश्रय होता, परंतु ही वास्तू एका राजाची नव्हती.

सर्वच चैत्यगृहे चापाकार नाहीत. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती १२ खांबांचे कडे आहे. आंध्र प्रदेशातील गुंटुपल्ली आणि राजस्थानातील बैराट येथेही वर्तुळाकार नकाशा आढळतो. विटा-लाकडाची चैत्यगृहे संख्येने पुष्कळ असावीत, परंतु त्यांचे बहुधा जोतेच उरले आहे. सांचीचे क्रमांक ४० चे मंदिर हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यामुळे आज 'चैत्यगृह' म्हणताच लेणे डोळ्यांसमोर येते, हा टिकून राहण्याच्या योगायोगाचा परिणाम आहे.

मंदिराची रचना

मंदिराचा गाभा म्हणजे गर्भगृह. ही एक चौरस, जाड भिंतींची, बहुधा एकाच दाराची लहान खोली असते. तिच्यापुढे अंतराळ, त्यापुढे मंडप किंवा सभामंडप आणि शेवटी मुखमंडप अशी ओळ लागते. गर्भगृहावर शिखर असते. शिखराचे नागर, द्राविड आणि वेसर असे प्रमुख भेद शिल्पशास्त्रात सांगितले आहेत. महाराष्ट्रात यादव-शिलाहार काळात भूमिज पद्धतीची शिखरे विशेष प्रचारात होती. सिन्नरचे गोंदेश्वर हे तिचे उत्तम उदाहरण असून ते पंचायतन आहे, म्हणजे मुख्य मंदिराभोवती चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, इ.स. १०६०) याच परंपरेतील असून तेथे मंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते.

मंदिराच्या आखणीला वास्तुपुरुषमंडलाचा आधार असतो. हे ६४ किंवा ८१ पदांचे चौरस जाळे असून प्रत्येक पदावर एकेका देवतेचे स्थान कल्पिलेले असते. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या सहाव्या शतकातील ग्रंथात मंदिरासाठी ६४ पदांचे मंडल सांगितले असून मंदिराची उंची रुंदीच्या दुप्पट आणि गर्भगृह रुंदीच्या निम्मे असावे असे प्रमाण दिले आहे. चैत्यगृहासाठी असा तपशीलवार, सर्वमान्य शास्त्रग्रंथ उपलब्ध नाही; त्याचे नियम वास्तूंवरूनच ताडावे लागतात.

मंदिर आतून लहान आणि बाहेरून मोठे असते. त्याच्या बाह्य भिंतींवर (मंडोवरावर) देवकोष्ठे, देवता, अप्सरा व कथाशिल्पे असतात आणि प्रदक्षिणा घालणारा भाविक ती क्रमाने पाहत जातो. गर्भगृहाभोवती आच्छादित प्रदक्षिणामार्ग असल्यास मंदिर सांधार आणि नसल्यास निरंधार म्हणतात. चैत्यगृहाचे नेमके उलटे आहे. कोरलेल्या लेण्याला दर्शनी भाग सोडून बाहेरची बाजूच नसते. त्याचे सर्व वैभव आत असते.

वेरूळच्या कैलास लेण्याचे वेगळेपण या संदर्भात उठून दिसते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ.स. ७५६–७७३) याच्या काळी हे मंदिर डोंगरात आडवे न खोदता माथ्यापासून खाली कोरत आणले गेले. त्यामुळे त्याला चारही बाजू, जोते, शिखर आणि भोवती मोकळे अंगण लाभले. एवढे कष्ट केवळ पराक्रम दाखवण्यासाठी घेतले गेले असे नव्हे. मंदिराला बाह्यरूप आणि शिखर हवेच असते, आणि डोंगराच्या पोटात आडवे शिरून ते मिळत नाही. वेरूळचीच रामेश्वर (क्रमांक २१), धुमार लेणे (क्रमांक २९) आणि घारापुरीचे मुख्य लेणे ही शैव लेणी त्याआधीची आहेत. त्यांत शिखर नाही; घारापुरीला गर्भगृहाला चारही बाजूंनी दारे ठेवून आणि प्रत्येक दारी प्रचंड द्वारपाल कोरून गर्भगृहाचे महत्त्व साधले आहे.

प्रकाश आणि दिशा

चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालाच्या आकाराचे मोठे गवाक्ष असते. त्यातून येणारा प्रकाश खांबांच्या रांगांमधून थेट स्तूपावर पडतो आणि बाजूच्या पाखी अंधारातच राहतात. मंदिराच्या गर्भगृहात प्रकाशाचे साधन बहुधा समईच असते. दारातून सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोहोचणे हा तेथे रोजचा प्रकार नसून उत्सवाचा विषय होतो. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या सुरुवातीस व अखेरीस, मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात आणि तो 'किरणोत्सव' म्हणून साजरा होतो.

मंदिर शक्यतो पूर्वाभिमुख असावे असा संकेत आहे, जरी अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. लेण्यांची दिशा मात्र कड्याच्या तोंडावर ठरे. भाजे व कार्ले येथील चैत्यगृहे पश्चिमेकडे तोंड करून आहेत.

उपासनापद्धती

चैत्यगृहातील मूळ उपासना साधी होती. उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून प्रदक्षिणा, फुले, गंध, धूप व दीप अर्पण करणे, पंचांग प्रणाम आणि पठण. अमावास्या, पौर्णिमा व अष्टमी या उपोसथाच्या दिवशी उपासक विहारात येऊन अष्टशीलाचे पालन करत व धम्मश्रवण करत. पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहत. या वर्षावासामुळे लेण्यांच्या परिसरात चैत्यगृह, विहार व पाण्याची पोढी असा समूह तयार होई. पूजेसाठी मध्यस्थाची गरज नसे. भिक्षू शील देई व उपदेश करी, परंतु फूल वाहण्याचे व प्रदक्षिणेचे काम प्रत्येक जण स्वतः करी.

मंदिरातील पूजा ही जिवंत, सन्माननीय अतिथीची किंवा राजाची सेवा असते. प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्तीत देवतेचा वास मानला जातो. म्हणून आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, वस्त्र, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य इत्यादी सोळा उपचारांनी (षोडशोपचारांनी) पूजा केली जाते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडआरतीने देवाला उठवले जाते. पुढे महापूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती असा दिनक्रम होऊन रात्री शेजारतीने देव निजतो. भाविकाच्या दृष्टीने मुख्य गोष्ट म्हणजे दर्शन: देवाला पाहणे आणि देवाच्या दृष्टीस पडणे. पूजा पुजारी करतो आणि भाविकाला तीर्थ व प्रसाद मिळतो. स्तूपाला वाहिलेले फूल असे प्रसाद म्हणून परत येण्याची प्रथा बौद्ध वंदनेत नाही.

प्रदक्षिणा दोन्हींकडे उजवीकडूनच घालतात, परंतु तिचे नियम सारखे नाहीत. शिवमंदिरात अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नसते. भाविक तेथपर्यंत जाऊन मागे फिरतो व उलट बाजूने पुन्हा तेथवर येतो. हिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. स्तूपाभोवतीची फेरी मात्र नेहमी पूर्ण होते. चैत्यगृहाचा सर्व नकाशा त्या पूर्ण फेरीसाठीच आखलेला आहे.

'बौद्ध उपासना सामूहिक आणि हिंदू उपासना वैयक्तिक' असे सरसकट विधान पुष्कळदा केले जाते. ते महाराष्ट्राच्या बाबतीत तरी अपुरे आहे. वारकरी संप्रदायात कीर्तन व भजन हीच मुख्य उपासना असून ती समूहाने होते. गावोगावच्या विठ्ठल-मंदिरांत लहानशा गर्भगृहापुढे त्याच्या कितीतरी पट मोठा लाकडी सभामंडप असतो, तो या कारणानेच. खांबांच्या दोन रांगा आणि मध्ये बसलेले श्रोते असे त्याचे रूप चैत्यगृहाच्या मधल्या दालनाची आठवण करून देते. तरी त्यांच्यात थेट ऐतिहासिक संबंध जोडण्यास पुरावा नाही.

प्रवेशाचा अधिकार

महाद्वार, सभामंडप, अंतराळ, गर्भगृह हा क्रम केवळ स्थापत्याचा नाही. कोणी कुठपर्यंत यावे हे त्यातून ठरत असे. तथाकथित अस्पृश्य जातींना शतकानुशतके महाद्वाराच्या आत प्रवेश नव्हता. संत चोखामेळा यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षे चालूनही मंदिर खुले झाले नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा ते खुले झाले. त्याच मंदिरातील बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने संपुष्टात आणले. त्यावरील न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपला.

चैत्यगृहाला गर्भगृहाचा उंबरठा नाही. कार्ल्याच्या शिलालेखांत परदेशी वंशाचे व कारागीर वर्गातील लोक दाते म्हणून सन्मानाने येतात, हेही लक्षणीय आहे. तथापि प्राचीन बौद्ध संस्थाही राजे, श्रेष्ठी व जमिनींच्या दानांवर उभ्या होत्या, आणि भिक्षू व गृहस्थ यांच्या जागा व कर्तव्ये वेगळी होती. आजच्या सामाजिक चर्चेतील समतेचे चित्र त्या काळावर जसेच्या तसे चढवता येत नाही.

परस्परांतील देवाणघेवाण

गवाक्षाची नालाकृती कमान ही मुळात लाकडी-गवती छपराच्या टोकाची प्रतिकृती होय. बिहारमधील बराबर टेकडीवरील लोमश ऋषी लेण्याच्या दारावर ती प्रथम दगडात दिसते. बराबरची लेणी आजीवक पंथीयांना दान दिलेली आहेत, म्हणजे हा आकार सुरुवातीपासूनच एका धर्माचा नव्हता. पुढे हीच कमान लहान होत होत अलंकरण बनली. नागर शिखरांवरील जाळीचे नक्षीकाम आणि दक्षिणेतील 'कूडू' या चैत्यगवाक्षाच्याच आवृत्त्या आहेत. शिखराकडे निरखून पाहणाऱ्यास चैत्यगृहाचा दर्शनी भाग शेकडो वेळा, बोटभर उंचीत, कोरलेला दिसतो.

चापाकार नकाशाही हिंदू मंदिरांनी वापरला. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे हेलिओडोरसच्या गरुडस्तंभालगत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या वासुदेव-मंदिराचा लंबवर्तुळाकार पाया उत्खननात सापडला. आंध्र प्रदेशातील गुडिमल्लम येथील परशुरामेश्वर, कर्नाटकातील ऐहोळे येथील दुर्ग मंदिर (हे नाव दुर्गादेवीवरून नव्हे, तर किल्ल्यावरून आले आहे) आणि तमिळनाडूतील मामल्लपुरमचा सहदेव रथ ही सर्व गजपृष्ठाकार आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे मूळचे बौद्ध चैत्य असावेत असे मत पूर्वीपासून मांडले जाते. तेरविषयी ते हेन्री कझिन्स यांनी मांडले. बेसनगरचा पाया पाहता केवळ नकाशा चापाकार असणे हा मूळ धर्म ठरवण्यास पुरेसा पुरावा ठरत नाही.

उलट दिशेचाही प्रवास झाला. सांचीचे क्रमांक १७ चे मंदिर पाचव्या शतकाच्या आरंभीचे आहे. चौरस गर्भगृह, पुढे चार खांबांची ओसरी आणि सपाट छत अशी रचना असलेले हे मंदिर गुप्तकालीन मंदिरस्थापत्याचा आद्य नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत दिले जाते, आणि ते उभे आहे एका बौद्ध स्थळी.

सर्वांत मोठा बदल मूर्तीमुळे घडला. भाजे किंवा कार्ल्याच्या मूळ आराखड्यात बुद्धमूर्ती नाही. स्तूप हेच बुद्धाचे रूप. अजिंठ्यात हा बदल चालत जाता जाता पाहता येतो. क्रमांक ९ व १० ही जुनी चैत्यगृहे असून त्यांतील स्तूप निराकार आहेत. वाकाटक काळातील क्रमांक १९ मध्ये स्तूपाच्या दर्शनी भागावर उभा बुद्ध आणि क्रमांक २६ मध्ये आसनस्थ बुद्ध कोरलेला आहे. शिवाय क्रमांक २६ च्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. त्याच काळच्या विहारांत मागच्या भिंतीत एक खोली वाढवून तीत बुद्धमूर्ती बसवली गेली. या खोलीला 'गंधकुटी' म्हणत. बुद्ध हयात असताना राहत असे त्या कुटीचे हे नाव मूर्तीच्या खोलीला मिळाले, यावरून बुद्ध तेथे वास करतो अशी भावना दिसते. दालन, अंतराळ, मूर्तीची अंधारी खोली आणि द्वारपालांच्या जागी बोधिसत्त्व: येथे विहार व मंदिर यांचा नकाशा जवळजवळ एक झाला. वेरूळच्या क्रमांक १० मध्ये स्तूप आहे, परंतु पुढे बसलेल्या प्रचंड बुद्धमूर्तीमागे तो झाकला गेला आहे. छतावर लाकडी फासळ्यांऐवजी दगडातच फासळ्या कोरल्या आहेत. त्यावरूनच लोकांनी त्याला 'सुताराची झोपडी' किंवा 'विश्वकर्मा' असे नाव दिले. क्रमांक १० हे वेरूळचे एकमेव चैत्यगृह. त्यानंतर पश्चिम भारतात या प्रकारची लेणी कोरण्याची परंपरा थांबत गेली.

एकाच जागी दोन उपासना

बौद्ध संघ नाहीसे झाल्यावर अनेक लेणी ओस पडली आणि पुढे काहींत हिंदू देवतांची स्थापना झाली. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बौद्ध विहारात आहे. शेजारच्याच लेण्यात स्तूप आहे. तुळजा लेण्याचे नावच तेथे स्थापिलेल्या तुळजादेवीवरून पडले. कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारापाशी एकवीरा देवीचे मंदिर आहे. ती कोळी व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांची कुलदेवता मानली जाते. चैत्यगृहासमोर एका बाजूला सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ मंदिराच्या जागी असावा असे मानतात. नवस फेडायला आलेला भाविक आणि बुद्धवंदनेसाठी आलेला उपासक येथे एकाच पायऱ्यांनी वर चढतात.

अशा जागांवरून वादही होतात. बिहारमधील बोधगयेच्या महाबोधी मंदिराचे व्यवस्थापन दीर्घकाळ शैव महंतांकडे होते. ते बौद्धांकडे यावे म्हणून अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये महाबोधी सोसायटी स्थापन केली. १९४९ च्या बोधगया मंदिर अधिनियमाने हिंदू व बौद्ध सदस्यांची समसमान संख्या असलेली समिती नेमली. संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे ही मागणी आजही केली जाते. स्थापत्यदृष्ट्या हे मंदिर दोन्ही परंपरांच्या सीमेवरच आहे. गर्भगृहात बुद्धमूर्ती, वर सुमारे ५५ मीटर उंच विटांचे शिखर आणि शिखराच्या टोकाला कलशाऐवजी लहान स्तूप.

पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध होता असे मत डॉ. आंबेडकर यांनी व्यक्त केले होते. मराठी संतवाङ्मयात व चित्रपरंपरेत विठ्ठलाला विष्णूचा बुद्धावतार मानल्याची उदाहरणे आढळतात. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात या समजुतीचा विचार केला, मात्र देवतेचे मूळ त्यांनी दक्षिणेतील गोपजनांच्या देवात शोधले.

आधुनिक महाराष्ट्रातील बौद्ध वास्तू

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात हजारो बुद्धविहार उभे राहिले. त्याआधीच, २५ डिसेंबर १९५४ रोजी, देहूरोड येथील विहारात डॉ. आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती. वस्तीतील विहार म्हणजे बहुधा एक साधे सभागृह असते. समोर बुद्धमूर्ती व आंबेडकरांची प्रतिमा, पुढे फुले, मेणबत्त्या व उदबत्ती, आणि बसायला सतरंजी. पालीतील त्रिशरण व पंचशील सर्व जण एकत्र म्हणतात. वर्षावासाच्या काळात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मूर्ती असली तरी तिची प्राणप्रतिष्ठा नसते, नैवेद्य नसतो आणि तिच्यापुढे उंबरठा नसतो. या बाबतीत आजचा विहार पाचव्या शतकातील गंधकुटीपेक्षा भाज्याच्या दालनाला अधिक जवळचा आहे.

मुंबईत दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर, जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथील स्मारकाला 'चैत्यभूमी' हे नाव आहे. दहनस्थानावरील स्मारक हा 'चैत्य' शब्दाचा मूळ अर्थ येथे शब्दशः लागू पडतो. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. सांचीच्या स्तूपाचा आकार घेतलेल्या या वास्तूचा घुमट सुमारे १२० फूट व्यासाचा असून तो आतून पोकळ आहे. प्राचीन स्तूप भरीव असे, त्याच्या आत जाता येत नसे, आणि म्हणूनच त्याभोवती दालन कोरावे लागले. येथे स्तूप हेच दालन झाले आहे. मुंबईच्या गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा (उद्घाटन २००९) ही याच दिशेची पुढची पायरी. म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवरील या दगडी घुमटाखाली एकही खांब नसून सुमारे ८,००० साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात. प्राचीन स्तूपात अस्थिधातू पोटात पुरलेले असत. येथे ते घुमटाच्या माथ्यावरील मध्यवर्ती दगडात, बसलेल्या साधकांच्या डोक्यावर, ठेवलेले आहेत.